अर्ली अ‍ॅक्सेस गेम घ्यायचा की थांबायचं? पैसे टाकण्याआधीपासून ते पूर्ण रिलीजपर्यंत, क्रमानं

"अर्ली अ‍ॅक्सेसमधला अमुक गेम घेऊ का?" (म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विकायला काढलेला गेम) असं कोणी विचारतं आणि आपण उत्तर टाइप करेपर्यंत भाऊनं घेतलेलाही असतो. मग दोन आठवड्यांनी तोच माणूस येतो, क्रॅश होतोय, सेव्ह उडाली, रिफंड मिळत नाही, डेव्हलपर चोर आहेत. डेव्हलपर कधीकधी असतातही चोर, पण बहुतेक वेळा घोळ आपल्या क्रमाचा असतो. आधी ट्रेलर, मग खरेदी, मग खेळणं, मग रिव्ह्यू वाचणं आणि शेवटी रिफंडचे नियम शोधणं. हा क्रम जवळपास पूर्ण उलटा करायचाय, बाकी काही नाही.

खाली सगळं मुख्यतः स्टीम (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) धरून लिहिलंय कारण आपल्यातले बरेच जण तिथंच घेतात. मीही ही सगळी माती खाल्लीय, एका सर्व्हायवल गेमवर ८९९ रुपये घालवून, तो किस्सा पाचव्या पायरीत येतो.

## पायरी १: स्टोअर उघडायच्या आधी तीन गोष्टी ठरवा

कागदावर लिहा, मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा, पण लिहा. डोक्यात ठेवलं की ट्रेलर बघताना विसरायला होतं.

पहिली, आकडा. हा गेम आज आहे तेवढाच राहिला, उद्यापासून एकही अपडेट आलं नाही, तर मी याचे किती रुपये देईन? हा प्रश्न नाटकी वाटतो पण स्टीम स्वतः प्रत्येक अर्ली अ‍ॅक्सेस गेमच्या पानावर जवळपास हेच लिहितं, की गेम अपूर्ण आहे, पुढं बदलेल किंवा बदलणारही नाही, आज आहे त्या अवस्थेत खेळायचा उत्साह नसेल तर थांबा. ती ओळ कोणी वाचत नाही. तुमचा आकडा ५०० आला आणि गेम १,२०० चा असेल तर विशलिस्टमध्ये (स्टीमवरच्या "नंतर घेईन" यादीत) टाका आणि टॅब बंद करा.

दुसरी, मशीन. अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये ऑप्टिमायझेशन बहुतेक वेळा शेवटी होतं, त्यामुळं तोच गेम दोन वर्षांनी तुमच्या लॅपटॉपवर लोण्यासारखा चालेल पण आज नाही. कर्बल स्पेस प्रोग्राम २ फेब्रुवारी २०२३ मध्ये आला तेव्हा किमान ग्राफिक्स कार्ड म्हणून आरटीएक्स २०६० लिहिलं होतं, शिफारस ३०८० ची. त्याहून हलक्या जीटीएक्स १६५० वाल्यांनी "पुढं सुधारेल" म्हणून घेणं म्हणजे पावसाळ्याच्या भरवशावर आधीच बोअर आटवून बसणं.

तिसरी, नेट आणि डिस्क. या गेमांना पॅच (दुरुस्तीच्या फायली) वारंवार येतात. व्हालहाइम आला तेव्हा जेमतेम १ जीबीचा होता, ते ठीक, पण सगळे तसे नसतात. शिवाय पॅच ५०० एमबीचा असला तरी स्टीम कधीकधी मोठ्या फायली नव्यानं जोडत बसतं, तेव्हा डिस्कवर बरीच मोकळी जागा लागते आणि हार्डडिस्क असेल तर अर्धा तास गेलाच समजा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळणाऱ्यांनी हा खर्च गेमच्या किमतीतच धरा.

## पायरी २: गेमचा प्रकार बघा, इथंच अर्धा निर्णय होतो

माझं मत विचाराल तर सरसकट "अर्ली अ‍ॅक्सेस घ्यावं" किंवा "घेऊ नये" याला अर्थ नाही, प्रकारावर ठरतं.

फॅक्टरी, कॉलनी, शहर बांधणं, रोगलाइक (मेलात की पुन्हा पहिल्यापासून), म्हणजे जिथं मजा सिस्टममध्ये आहे आणि तोच गेम पुन्हा पुन्हा खेळायचा असतो, ते अर्धवट असतानाही पैसे वसूल करतात. फॅक्टोरिओ स्टीमवर फेब्रुवारी २०१६ ला अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला आणि पूर्ण झाला ऑगस्ट २०२० मध्ये, मधली साडेचार वर्षं कोणी रडत बसलं नव्हतं, लोक कारखाने बांधत होते. स्ले द स्पायर, हेडीस, सॅटिसफॅक्टरी, यांचंही तसंच.

कथेचे गेम वेगळे. तिथं एकदा रहस्य कळलं की कळलं. बाल्डर्स गेट ३ ऑक्टोबर २०२० मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला आला, पूर्ण ऑगस्ट २०२३ मध्ये, आणि मधली जवळपास तीन वर्षं खेळायला फक्त पहिला अंक होता. गेम अफाटच आहे, पण माझा एक मित्र तो पहिला अंक एवढ्या वेळा खेळला की पूर्ण गेम आल्यावर त्याला सुरुवातीचे वीस-पंचवीस तास पुन्हा करायचा कंटाळा आला आणि तो अजून दुसऱ्या अंकात अडकलाय. पैसे वाया गेले नाहीत, गेमच वाया गेला.

सगळ्यात जोखमीचे म्हणजे फक्त ऑनलाइन, कंपनीच्या सर्व्हरवर चालणारे. द डे बिफोर ७ डिसेंबर २०२३ ला आला, चार दिवसांनी, ११ डिसेंबरला, स्टुडिओनं गाशा गुंडाळल्याचं जाहीर केलं, २२ जानेवारी २०२४ ला सर्व्हर बंद. लोकांना पैसे परत मिळाले हे नशीब. एकट्यानं, ऑफलाइन खेळता येणारा गेम अर्धवट सोडला तरी निदान तुमच्या डिस्कवर चालू राहतो.

तपासा: गेम ऑफलाइन चालतो का? स्वतःचा सर्व्हर लावता येतो का? दोन्हीचं उत्तर "नाही" असेल तर पहिल्या पायरीतला आकडा निम्मा करा.

## पायरी ३: निळा चौकोन वाचा, मग अपडेटचा इतिहास

स्टोअरच्या पानावर खरेदीच्या बटणाच्या वर निळसर चौकोन असतो, त्यात डेव्हलपरनं ठरावीक प्रश्नांची उत्तरं दिलेली असतात. अर्ली अ‍ॅक्सेस का, किती काळ, पूर्ण आवृत्ती कशी वेगळी असेल, सध्या काय अवस्थेत आहे, किंमत बदलणार का. "पुढं वाचा" वर क्लिक केल्याशिवाय पूर्ण दिसत नाही म्हणून लोक सोडून देतात.

यातल्या दोनच उत्तरांवर जोर द्या. "सध्याची अवस्था" इथं नेमकं लिहिलंय का ते बघा, म्हणजे ३ नकाशे आहेत, १२ शत्रू आहेत, अंदाजे इतके तास खेळ आहे असं. "रोमांचक अनुभव तयार आहे" एवढंच असेल तर काही तयार नाहीये. आणि "किंमत बदलणार का" हे उत्तर सहाव्या पायरीसाठी लक्षात ठेवा. "किती काळ" या उत्तराकडं मात्र लग्नपत्रिकेवरच्या जेवणाच्या वेळेसारखं बघा. सेव्हन डेज टू डाय डिसेंबर २०१३ मध्ये आला, १.० (म्हणजे पूर्ण आवृत्ती) झाला जुलै २०२४ मध्ये. प्रोजेक्ट झोम्बॉइडही २०१३ साली स्टीमवर आलाय आणि त्याच्या बिल्ड ४२ या पुढच्या मोठ्या टप्प्याची चाचणी आवृत्ती आली ती २०२४ च्या डिसेंबरात.

आता रोडमॅप, म्हणजे पुढं काय-काय येणार याचा आराखडा. ते रंगीत चित्र असतं ना, खाली हिवाळा-उन्हाळा लिहिलेलं, त्याची किंमत शून्य धरा. डेव्हलपर प्रामाणिक असले तरीही शून्य. व्हालहाइमवाल्यांनी २०२१ साठी चार मोठी अपडेट जाहीर केली होती, गेम अनपेक्षित चालला, पहिल्या महिन्याभरात ५० लाख प्रती गेल्या, आणि त्यातलं मिस्टलँड्सचं अपडेट यायला डिसेंबर २०२२ उजाडला. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण रोडमॅपसाठी पैसे दिलेला माणूस दीड वर्ष चिडलेला होता आणि आहे त्या गेमसाठी दिलेला माणूस लाकडं तोडत मजेत होता.

रोडमॅपऐवजी मागं बघा. पानावरून सगळ्या अपडेट आणि बातम्यांची यादी उघडा, शेवटचे सहा महिने वाचा. नुसत्या तारखा नाही, मजकूर. "नवीन टोपी आली, सेल चालू आहे" याला अपडेट म्हणत नाहीत. स्टीमडीबी या साइटवर गेमचं नाव टाकलं की पॅचचा इतिहास मिळतो, तिथं लपवाछपवी होत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीपासून स्टीमही मदत करतं, वर्षभराहून जास्त काळ अपडेट नसेल तर पानावर तशी सूचना येते. पण वर्ष हा फार मोठा काळ आहे हो, मी चार महिने शांतता दिसली तरी थांबतो.

सावधान: मोठं नाव म्हणजे हमी नाही. पहिला कर्बल स्पेस प्रोग्राम हा स्टीमनं मार्च २०१३ मध्ये ही सोय सुरू केली तेव्हाच्या अगदी पहिल्या यादीतला, एप्रिल २०१५ मध्ये १.० झाला, लोक आजही खेळतात. दुसरा भाग वेगळ्या स्टुडिओकडं गेला, ५० डॉलर किंमत लावली, २०२४ मध्ये तो स्टुडिओच बंद पडला आणि त्या वर्षाच्या मध्यानंतर अपडेट थांबली. दुकानाची पाटी तीच, आचारी दुसरा. डेव्हलपरच्या नावावर क्लिक करून त्यांनी आधी कुठला गेम पूर्ण करून सोडलाय ते बघायला दोन मिनिटं लागतात.

## पायरी ४: रिव्ह्यू वाचायची पद्धत

एकूण टक्केवारी बघू नका, "अलीकडचे" म्हणजे शेवटच्या ३० दिवसांचे बघा. एकूण ९१ टक्के आणि अलीकडचे ५४ असतील तर काहीतरी बिनसलंय, पॅचनं सेव्ह उडवल्या, किंमत वाढवली किंवा डेव्हलपर गायब झालेत. मग खेळलेल्या तासांची फिल्टर लावा. दहा तासांच्या आतले आणि शंभरच्या वरचे दोन्ही वाचा, पण विश्वास २० ते ६० तासवाल्यांवर ठेवा. त्याआधीचा अजून प्रेमात असतो, आणि पाचशे तास खेळून "अजिबात घेऊ नका" लिहिणाऱ्याचं घरचं भांडण असतं, त्यात आपण पडू नये.

जुने रिव्ह्यू अर्ली अ‍ॅक्सेसमधले आहेत अशी खूण त्यांच्यावर असते, तारखेशी जोडून वाचा. दोन वर्षांपूर्वी "फार क्रॅश होतो" लिहिलेलं आज लागू नसेल, दोन वर्षांपूर्वी "फार स्मूथ" लिहिलेलंही नसेल.

मग यूट्यूबवर त्याच महिन्यातला, कापाकापी न केलेला खेळ बघा. पंधरा मिनिटं पुरतात. मधूनच, पाचव्या-सहाव्या तासाचा भाग उघडा, कारण पहिला तास सगळेच गेम चमकवतात.

## पायरी ५: खरेदी आणि ते दोन तास

आता माझा किस्सा. गेम घेतला, कॅरेक्टर बनवायला चाळीस मिनिटं गेली (नाकाची लांबी!), मग ट्युटोरियल, मग जेवायला बोलावलं तर गेम तसाच पॉजवर ठेवून गेलो. आलो, खेळलो, बेस बांधायला घेतला आणि भिंत ठेवली की एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) बारावर. दर वेळी. रिफंड मागितला तेव्हा खेळलेला वेळ होता २ तास ११ मिनिटं. नाकारला. चूक कोणाची? माझीच.

नियम असा की खरेदीपासून १४ दिवस आणि खेळ २ तासांच्या आत, दोन्ही अटी पाळल्या तर स्टीम सहसा काही न विचारता पैसे परत देतं. मेनू, पॉज, कॅरेक्टर, शेडर (ग्राफिक्सचा कोड) तयार होताना बघत बसणं, सगळं त्या दोन तासांत मोजलं जातं. काही गेमना स्वतःचा लाँचर (गेम चालू करणारा वेगळा प्रोग्राम) असतो आणि तो उघडून डाउनलोड चालू ठेवलं तर तेही मोजलं जातं, हे खास लक्षात ठेवा. अर्ली अ‍ॅक्सेस आहे म्हणून वेगळी सवलत मिळत नाही, पूर्ण रिलीजच्या आधी खेळलेला वेळही याच दोन तासांत जातो.

म्हणून हे दोन तास मजा करायचे नाहीत, तपासणीचे आहेत. सेकंडहँड गाडी घेताना मेकॅनिकला घेऊन जातो तसं. माझा क्रम असा:

१. खरेदी अशा दिवशी करा की पुढचे दोन-तीन दिवस वेळ आहे. सेलमध्ये घेऊन महिनाभर न उघडलेल्या गेमचे १४ दिवस कधीच संपलेले असतात.

२. मोबाइलवर ९० मिनिटांचा टायमर लावा. १२० चा नाही.

३. पहिली दहा मिनिटं फक्त सेटिंग्ज, एफपीएस दाखवायचा आकडा चालू करा. कॅरेक्टर जे समोर येईल ते.

४. ट्युटोरियल टाळता येत असेल तर टाळा आणि गेमचा मुख्य उद्योग लगेच करा. बांधायचा गेम असेल तर भरपूर बांधा, आवडो न आवडो, एका जागी पन्नास वस्तू रचा आणि एफपीएस बघा. लढायचा असेल तर जिथं गर्दी असेल तिथं घुसा.

५. सेव्ह करा, गेम पूर्ण बंद करा, पुन्हा उघडा, लोड करा. ही पायरी जवळपास सगळे विसरतात आणि अर्धवट गेममध्ये सगळ्यात जास्त भानगडी इथंच निघतात.

६. मित्रांबरोबर खेळायला घेतला असेल तर त्या ९० मिनिटांतच एकदा जोडून बघा. मी पुण्यात, मित्र जर्मनीत, आणि गेमला सर्व्हर निवडायची सोयच नाही, हे तिसऱ्या दिवशी कळून उपयोग नाही.

टायमर वाजला की गेम बंद करा आणि उद्यापर्यंत उघडू नका. दुसऱ्या दिवशी आपोआप हात तिकडं जातोय का, एवढाच प्रश्न. जात नसेल तर रिफंड.

रिफंड कसा: स्टीमच्या मदत विभागात जा, खरेदीची यादी, गेम निवडा, परतावा हवाय हा पर्याय, कारण एका ओळीत. पैसे मूळ मार्गानं हवेत की वॉलेटमध्ये ते तिथंच विचारतात, काही पेमेंट प्रकारांना वॉलेटचाच पर्याय मिळतो. लाजू नका, हा काही उपकार नाही.

सावधान: बाहेरच्या साइटवरून स्वस्त "की" (गेम चालू करायचा कोड) घेतली तर हे काहीही लागू नाही. अर्ली अ‍ॅक्सेस गेम असा कोड घेऊन घेणं म्हणजे पायरी पाच पूर्ण सोडून देणं, दोनशे रुपये वाचवण्यासाठी. गॉग या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात ३० दिवसांची मुदत आहे, खेळला असला तरी, तिथं तोच गेम असेल तर तो पर्याय बघाच. एपिकच्या दुकानात १४ दिवस आणि २ तास. प्लेस्टेशनवर एकदा डाउनलोड सुरू केलं की सहसा विषय संपला, त्यामुळं कन्सोलवर अपूर्ण गेम घेताना दुप्पट विचार करा.

## पायरी ६: किंमत, आत्ता की नंतर

थोडक्यात. निळ्या चौकोनात "पूर्ण झाल्यावर किंमत वाढेल" लिहिलं असेल आणि बाकी सगळ्या पायऱ्या पास असतील तर आत्ता घेण्यात फायदा आहे. व्हँपायर सर्व्हायवर्स ३ डॉलरचा ५ झाला, सॅटिसफॅक्टरी आणि सेव्हन डेज टू डायनं पूर्ण रिलीजच्या आधी किंमत वाढवली. फॅक्टोरिओ तर सेलमध्ये कधी येतच नाही, उलट २०२३ मध्ये ३० डॉलरवरून ३५ झाला, तिथं वाट बघण्यात अर्थ नव्हता.

उलट किंमत तीच राहणार असेल तर घाई कशाला. पहिल्या आठवड्यातली १० टक्के सूट ही सूट नाही, गळ आहे. जूनअखेरचा उन्हाळी आणि डिसेंबरचा हिवाळी सेल कुठं पळून जात नाही. विशलिस्टमध्ये ठेवलं की सूट लागल्यावर आणि गेम अर्ली अ‍ॅक्सेसमधून बाहेर पडल्यावर मेल येतो.

## पायरी ७: ठेवायचं ठरलं, आता सेव्ह सांभाळा

अपूर्ण गेममध्ये सेव्ह फाइल ही तुमची जबाबदारी आहे, गेमची नाही, असं समजून चाला.

आधी फायली कुठं आहेत ते शोधा. झोम्बॉइड तुमच्या यूजर फोल्डरमध्ये झोम्बॉइड नावाचं फोल्डर करतो. इतर बऱ्याच गेमचं सामान अ‍ॅपडेटाच्या आत लोकल, लोकललो किंवा रोमिंगमध्ये सापडतं, व्हालहाइमचं लोकललोमध्ये. अ‍ॅपडेटा विंडोज लपवून ठेवतं, त्यामुळं लपवलेल्या फायली दाखवायचा पर्याय चालू करावा लागतो. ते फोल्डर कॉपी करून तारखेच्या नावानं दुसरीकडं ठेवा. दर मोठ्या पॅचच्या आधी आणि तसंही आठवड्यातून एकदा.

"क्लाउड आहे की" असं म्हणू नका. क्लाउड तुमची बिघडलेली सेव्हही तितक्याच निष्ठेनं वर चढवतं. आमच्याकडं मे महिन्यात ऑटोसेव्ह चालू असतानाच वीज गेली, डेस्कटॉपला यूपीएस नाही, परत आली तेव्हा साठ तासांचं जग शून्य केबीचं. क्लाउडवरही शून्य केबी. पेनड्राइव्हवर गुरुवारची कॉपी होती म्हणून वाचलो.

मग गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अपडेट "गेम उघडेन तेव्हाच कर" असं लावा. कायमचं थांबवता येत नाही, पण कॉपी काढायला उसंत मिळते. तिथंच बीटाज नावाचा भाग असतो, काही डेव्हलपर तिथं जुनी आवृत्ती ठेवतात, काही नवीन चाचणीची. झोम्बॉइडचा बिल्ड ४२ असाच वेगळ्या शाखेत आला आणि बिल्ड ४१ च्या सेव्ह त्यात चालत नव्हत्या. पॅचच्या नोंदीत पहिल्यांदा "जुन्या सेव्ह चालतील का" हे शोधा, बाकी नंतर.

तपासा: नवीन भाग जुन्या जगात येतो का? व्हालहाइममध्ये मिस्टलँड्स आलं ते नकाशाच्या न फिरलेल्या भागातच नीट तयार झालं. ज्यांनी हौसेनं अख्खा नकाशा उघडून ठेवला होता त्यांची पंचाईत. म्हणून अपूर्ण जगात थोडी जमीन राखून ठेवायची.

## पायरी ८: १.० चा दिवस

त्या दिवशी लगेच उघडू नका, सर्व्हर आणि पॅच दोन्ही गडबडीत असतात, दोन-चार दिवसांत छोटे दुरुस्तीचे पॅच येतात. सेव्हची कॉपी काढा आणि जुनं जग चालतं की नाही ते वाचा. सॅटिसफॅक्टरीत जुने कारखाने १.० मध्ये चालले, बाल्डर्स गेट ३ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसची सेव्ह चालली नाही. चालत असली तरी कथेच्या गेमला नवीन सुरुवात करा, सुरुवातीचे भाग बहुतेक वेळा बदललेले असतात.

आणि १.० चा शिक्का लागला म्हणजे गेम पूर्ण झालाच असं नाही. स्पेसबेस डीएफ-९ ऑक्टोबर २०१३ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला आला आणि साधारण वर्षभरानंतर, ठरवलेल्या कित्येक गोष्टी बाजूला टाकून, १.० म्हणून बाहेर काढला. त्यामुळं तुम्ही वाट बघत बसलेले असाल आणि विशलिस्टचा मेल आला, तर थेट खरेदीच्या बटणावर नका जाऊ, पायरी ३ आणि ४ पुन्हा करा. दहा मिनिटांचं काम आहे, तोवर डाउनलोडसाठी डिस्कवर जागा तरी रिकामी होईल.